पद्मिनीची टायमिंग चेन बदलताय? या चुका टाळा

सकाळी गार इंजिन सुरू केलं की क्रँकच्या पुलीच्या मागून खडखड येते आणि गाडी तापली की कमी होते. हा आवाज टॅपेटचा समजून महिनोन्‌महिने टॅपेट सेट करत बसू नका. आधी प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे गॅरेजमधल्या डेल्कोचं, टोपण काढा. चारही प्लग काढून पुली पान्याने थोडी पुढे, मग सावकाश मागे फिरवा आणि डेल्कोत फिरणाऱ्या रोटरवर नजर ठेवा. पुली बरीच सरकली तरी रोटर जागचा हलत नसेल, तर बहुधा टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारी चेन, ढिली झाली आहे.

पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन असो की अ‍ॅम्बेसेडरचं जुनं पेट्रोल इंजिन, कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ब्लॉकमध्येच असतो. क्रँकवर एक, कॅमवर एक असे दोन गिअर, एक चेन. काम अवघड नाही, पण खुणा न जुळवता चेन उतरवली की घोळ सुरू. आधी 1 नंबरचा पिस्टन वर आणा, दोन्ही गिअरवरचे ठिपके समोरासमोर करा आणि मोबाइलवर फोटो काढा. रोटरचं तोंड कुठे आहे, त्याचाही फोटो हवाच.

रोटरचं एवढं सांगतोय कारण माझ्याच गाडीत हे घडलं. चेन बदलून झाली, सेल्फ मारला, तर कार्ब्युरेटरमधून फाट्‌फाट आवाज. मेकॅनिकने चेन चुकली म्हणून पुन्हा सगळं उघडलं. ठिपके बरोबर होते! क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एक फेरा घेतो, त्यामुळे 1 नंबरचा पिस्टन दोनदा वर येतो, पण फायरिंग एकदाच. अशा अनेक पुशरॉड इंजिनांत, म्हणजे कॅम खाली ब्लॉकमध्ये असलेल्या इंजिनांत, ठिपके जुळतात तेव्हा फायरिंगवर असतो 4 नंबर. आमच्याकडे डेल्को काढून 1 नंबरच्या हिशोबाने बसवला होता, म्हणजे नेमका उलटा. अर्धा दिवस गेला, पॅकिंगही फुकट गेलं. म्हणून गरज नसेल तर डेल्कोला हात लावू नका.

एक दात चुकणं मात्र याहून वाईट, कारण गाडी सुरू होते आणि माणूस फसतो. कॅमच्या गिअरला समजा 40 दाते आहेत. एक दात म्हणजे कॅमचे 9 अंश आणि क्रँकचे 18. आयडलिंग जेमतेम बसतं, पण मुंबईत केम्प्स कॉर्नरच्या पुलावर चढताना गाडी दम तोडते, आणि लोक कार्ब्युरेटर साफ करत राहतात. क्रँक चेनची जी बाजू ओढतो, ती बसवताना ताठ हवी. ढिलाई चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बाजूला. मग सेल्फ न मारता, इंजिन फिरतं त्याच दिशेने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. ठिपके पुन्हा समोरासमोर आले तरच कव्हर लावा. कुठे अडकलं तर जोर करू नका, थांबून बघा.

नुसती चेन बदलून पैसे वाचवू नका. झिजलेले दाते आकड्यासारखे वाकतात आणि नवी चेन लवकर खातात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना माल घेत असाल तर चेन आडवी, कुशीवर धरा. कमानीसारखी खाली झुकली तर ती परत ठेवा.

कव्हर काढलं की, गिअर उतरवण्याआधी, चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. क्रँकवरची अर्धचंद्राची चावी किंवा पॅकिंगचा तुकडा आत पडला तर चेंबर उतरवावा लागतो.

कव्हरचे बोल्ट आधी ढिलेच ठेवा. नव्या सीलला तेल लावून पुली आत सरकवा, सील मधोमध आलं की मग बोल्ट आवळा. उलट क्रमाने केलं तर सील एका बाजूला दाबलं जातं आणि काही दिवसांत पार्किंगच्या फरशीवर ऑइलचा डाग दिसतो. पुलीवर सीलच्या जागी खोल चर पडली असेल, तर नवं सीलही गळणारच.

शेवटी डेल्कोतल्या पॉइंटचा गॅप आणि इग्निशन टायमिंग पुन्हा सेट करा. चेन ताठ झाली की जुनं सेटिंग जुळत नाही.