हुबळीची पाटी, हुब्बळ्ळीची अक्षरं

2023 च्या जूनमध्ये कर्नाटकात शक्ती योजना आली, सरकारी साध्या बसला बायकांचं तिकीट माफ झालं आणि आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीतल्या बायका सौंदत्तीला, गोकाकला निघू लागल्या. बोलण्यापुरतं कानडी सगळ्यांना येतं. अडतं ते पाटीशी. स्टँडवर दर वेळी कुणाला तरी विचारायचं, "ही गाडी कुठली ओ?" म्हणून मी सहाजणींना बुधवारी-शनिवारी दिवेलागणीनंतर 45 मिनिटं कानडी वाचायला शिकवते. मी शिक्षिका नव्हे, शिवणकाम करते. धड्याची आखणी मोबाइलवरच्या एआयकडून करून घेते. असं कुणाला करायचं असेल तर माझी पद्धत सांगते.

नुसतं "कन्नडचा धडा दे" म्हणू नका. मी तसं म्हटलं तर पहिल्याच दिवशी अख्खी वर्णमाला आणि वर "माझे नाव अमुक आहे". माझ्या बायका नाव सांगायला बसल्या नव्हत्या. समोर कोण बसलंय ते आधी सांगायचं. मी आता असं लिहिते: "सहा मराठी बायका. देवनागरी वाचतात, कानडी बोलतात, कानडी अक्षर ओळखत नाहीत. वेळ 45 मिनिटं. विषय बसच्या पाट्या. खाली दिलेली गावंच वापर. सोप्याकडून अवघडाकडे लाव. व्याकरणातली नावं नकोत."

गावं मात्र आपण द्यायची, आणि पाटीवर असतात तशी. इथंच खरी गंमत आहे. आपण म्हणतो हुबळी, चिकोडी, निपाणी. पाटीवर हुब्बळ्ळि, चिक्कोडि, निप्पाणि. आपण सौंदत्ती म्हणतो, तिथं सवदत्ति. आपल्या जिभेवर गळलेलं जोडाक्षर कानडीत ठाम उभं असतं, म्हणजे खाली लटकलेलं असतं. त्याला ओत्तक्षर म्हणतात. म्हणून क्रम असा ठरला: आधी बेळगावि, खानापुर, गोकाक, ज्यात ओत्तक्षर नाही. मग चिक्कोडि आणि निप्पाणि. हुब्बळ्ळि शेवटी, कारण त्यात दोन आहेत. क, ख, ग चा क्रम आपल्यासारखाच असल्यानं नवी असते ती फक्त वळणं. त्यात व आणि म, प आणि ष एकमेकांसारखे दिसतात, तेवढ्या जोड्यांचा सराव वेगळा मागा.

आता फजिती. एआयनं सरावाच्या कागदावर नियम दिला: ओत्तक्षर म्हणजे तेच अक्षर लहान करून खाली लिहायचं. क, ब, ळ ला ते साधारण जमतं. मी तसंच शिकवलं. पुढच्या पौर्णिमेला एकजण सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीला निघाली आणि सवदत्तिची गाडी समोरून गेली तरी तिला ओळखता आली नाही. 'त' चं ओत्तक्षर 'त' सारखं दिसतच नाही! न, म, य, र, ल यांचंही तसंच. माझंही कानडी ऐकीव जास्त आणि वाचीव कमी, त्यामुळे माझ्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून कागद आधी शेजारच्या कानडी काकूंना दाखवते, मग वर्गात नेते. स्टँडवर जाऊन खऱ्या पाट्यांचे फोटो काढलेत, धड्याला तेच वापरते.

संवाद मागितला तर कंडक्टर बेंगळुरूचा निघतो. "एल्लिगे होगुत्तिद्दीरि?" (कुठं निघालात?) असं आमच्या गाडीत कोण विचारतं? इथं "एल्लि होंटीरि?" बायका हसून लोळल्या. मी "उत्तर कर्नाटकातली बोली वापर" असं लिहून पाहिलं, थोडा फरक पडला, तरी निम्मी वाक्यं मीच बदलते. "आधार तोरसरि" (आधार दाखवा) हे तर सगळ्यांना पाठच आहे, कारण ओळखपत्र दाखवल्याशिवाय शून्य रकमेचं तिकीट हातात पडत नाही.

एक गोष्ट मात्र एआयनं मला चांगली सुचवली. मराठीत ए, ओ एकेकच. कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे. मी "अर्थ बदलणाऱ्या जोड्या दे" म्हटलं तेव्हा 'कोडु' आलं: ऱ्हस्व म्हटलं तर दे, लांबवलं तर शिंग. आमच्यातली भाजीवाली गिऱ्हाइकाकडे पैसे मागताना नेमकं लांबवायची. आता तिला सगळ्याजणी "शिंगं दे" म्हणून चिडवतात, आणि तो फरक कुणी विसरत नाही.

आखणीत एआय 45 मिनिटांत आठ-दहा गोष्टी कोंबतो. मी तीन ठेवते. चहाला दहा मिनिटं जातातच.

येत्या शनिवारी बैलहोंगल घेणार आहे. त्यातला अनुस्वार डोक्यावर नसतो, अक्षराशेजारी गोल होऊन बसतो, आणि कानडी शून्यही तसंच दिसतं. आमची भाजीवाली त्याला नक्की शून्य वाचणार, म्हणून या वेळी ते कागदावर आधीच लिहून ठेवलंय.