वेबसाईट कोणी जशीच्या तशी ढापली तर काय करायचं

माझ्या ट्रेकिंगच्या वेबसाईटवरचं हरिश्चंद्रगडाचं पान दुसऱ्याच एका साईटवर एका ट्रेकर मित्राला दिसलं, टोलार खिंडीच्या अलीकडे आम्ही वाट चुकलो होतो तो किस्सासुद्धा तिथे "आम्ही" म्हणूनच छापलेला, आणि फोटोत पाठमोरी माझी सख्खी बहीण. डोकं फिरतंच. तरी त्या माणसाला लगेच मेसेज करू नका, फेसबुकवरही टाकू नका, कारण त्याने पान उडवलं किंवा बदललं की दाखवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

आधी पुरावा. दोन्ही पानांचे पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख दिसेल असे, मग वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साईट) त्याची लिंक टाकून पान सेव्ह करा म्हणजे एक प्रत तिसऱ्याच ठिकाणी राहते, आणि तुमचं पान तिथे जुन्या तारखेचं सापडलं तर सोन्याहून पिवळं. कॅमेऱ्यातल्या मूळ फोटो फाईली जपून ठेवा, तारीख त्यांच्यातच असते.

आता नेमकं काय चोरलंय ते बघा. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे ही माहिती कोणाच्याच मालकीची नाही, ती कोणी स्वतःच्या शब्दांत लिहिली तर तक्रार टिकत नाही. नाव देऊन दोन ओळी घेतल्या असतील तर सोडून द्यावं असं मला वाटतं. पण तुमचं लिखाण, तुमचे फोटो, तुम्ही काढलेला वाटेचा नकाशा यांचा कॉपीराइट ते तयार झाल्यापासूनच तुमचा असतो, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी रजिस्ट्रेशनची सक्ती नाही.

मग त्या साईटवाल्याला छोटा ईमेल करा, दोन्ही लिंका, काय काढायचं ते आणि सात दिवसांची मुदत, बस. शिव्या नकोत, पुढे तोच ईमेल तुम्हाला दाखवावा लागतो. बऱ्याच जणांना नेटवरचं सगळं फुकट असतं असंच खरंच वाटतं आणि ते निमूट काढतात. माझ्यावाल्याने उत्तरच दिलं नाही.

तेव्हा होस्टिंग कंपनी, म्हणजे त्याची साईट जिच्या सर्व्हरवर ठेवलेली असते ती, गाठायची. हूइज लुकअपमध्ये (डोमेनची नोंद दाखवणारी सोय) डोमेन, म्हणजे साईटचं नाव, टाकलं की ते कुठून घेतलंय ते कळतं, तिथेच दिसणाऱ्या नेमसर्व्हरच्या नावांवरून बऱ्याचदा होस्टचाही अंदाज येतो, आणि तिथे क्लाउडफ्लेअर, म्हणजे साईट आणि वाचक यांच्यामध्ये बसणारी कंपनी, दिसलं तर खरा होस्ट मागे लपलेला असतो, त्यांच्या फॉर्मवर तक्रार केली की ते ती पुढे पाठवतात. होस्ट अमेरिकेतला असेल तर डीएमसीए नोटीस द्यायची, हा तिकडचा १९९८ चा कायदा, भारतात बसूनही नोटीस देता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही. तुमचं मूळ पान, चोरीच्या प्रत्येक पानाची वेगळी लिंक, नाव, संपर्क, सही, परवानगी दिलेली नाही असं तुम्ही प्रामाणिकपणे मानता हे विधान आणि दिलेली माहिती खरी असल्याचं आणि हक्क तुमचा असल्याचं (किंवा हक्कदाराने तुम्हाला अधिकार दिल्याचं) शपथेवरचं विधान एवढं लागतं. खोटी नोटीस मात्र अंगाशी येते, तेव्हा फोटो मित्राने काढलेला असेल तर तक्रार त्यालाच करू दे.

होस्ट भारतातला असेल तर कॉपीराइट नियम २०१३ मधला ७५ वा नियम बघा. लेखी तक्रार योग्य वाटली तर ३६ तासांत मजकूर बंद करावा लागतो, पण २१ दिवसांत कोर्टाची ऑर्डर दिली नाहीत तर तो परत सुरू करता येतो, आणि आपण दावा लावू असं तक्रारीतच लिहून द्यावं लागतं, म्हणून इथे आधी वकिलाशी बोलून घ्या. दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा कोर्टात लावता येतो, चोर दुसऱ्या राज्यात असला तरी, हे कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मध्ये आहे.

सोबत गूगलच्या कॉपीराइट फॉर्मवरही तक्रार टाका. त्याने पान साईटवरून जात नाही पण सर्चमधून जातं, आणि अशा साईटींना वाचक बहुतेक सर्चमधूनच मिळतात. तुमच्या तक्रारीची प्रत लुमेन नावाच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये जाऊ शकते, तिथे नाव दिसू शकतं, त्याची तयारी ठेवा.

नंतर अधूनमधून तुमच्या लेखातलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून सर्च करत राहा, मी खिंडीच्या किस्स्यातलंच एक ठरवून ठेवलंय, महिन्यातून एकदा बघते.