घराचा व्यवहार रखडला तर खापर कोणावर? रीसेलमधल्या या चुका टाळा

रीसेल फ्लॅटचा व्यवहार अडकला की दोन्हीकडून एकच वाक्य ऐकू येतं, "आमच्याकडून काहीच बाकी नाही." घेणारा सोसायटीच्या एनओसीकडे (ना-हरकत पत्राकडे) बोट दाखवतो, विकणारा विचारतो की तुमच्या बँकेचा चेक कुठाय. बऱ्याचदा दोघंही खरंच बोलत असतात. पण प्रकरण वकिलाकडे गेलं की तो आधी साठेखत, म्हणजे खरेदीखताआधी विक्रीच्या अटी ठरवणारा करार मागतो, आणि त्यात मुदतीबद्दल जेमतेम एक ओळ सापडते.

एक गोष्ट आधीच सांगतो. बिल्डरने ताबा लांबवला तर रेराचा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा) आधार आहे. दोन व्यक्तींमधल्या रीसेलला तो नाही. इथे कामाला येतात ते साठेखत, १८७२ चा करार कायदा आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा.

"९० दिवसांत" म्हणजे कधीपासून?

साठेखतातलं ठरलेलं वाक्य असं असतं: "उर्वरित रक्कम खरेदीदार ९० दिवसांच्या आत बँकेच्या कर्जातून देईल." हे ९० दिवस टोकन दिल्यापासून मोजायचे, नोंदणीपासून की कागद हातात आल्यापासून? खरेदीदाराची बँक एनओसी, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) आणि आधीच्या करारांची साखळी बघितल्याशिवाय पैसे सोडत नाही. हे सगळे कागद विकणाऱ्याच्या ताब्यात असतात. त्याने ते ऐंशीव्या दिवशी दिले तरी कागदावर उशीर खरेदीदाराचाच दिसतो.

म्हणून मुदत दोन टप्प्यांत लिहा. विक्रेत्याने कोणते कागद कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, हे कागदांची नावं घालून. मग दुसरं वाक्य: "वरील सर्व कागद खरेदीदाराच्या बँकेला मिळाल्यापासून ४५ दिवसांत उर्वरित रक्कम दिली जाईल." नुसतं "आवश्यक ती सर्व कागदपत्रे" असं लिहिलं की भांडणाला जागा ठेवलीच म्हणून समजा.

याची दुसरी बाजू विकणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. तारीख उलटली म्हणून व्यवहार आपोआप मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर १९९२ मध्ये चांद राणी खटल्यात सांगितलं की स्थावर मालमत्तेच्या विक्रीत वेळ हाच कराराचा गाभा आहे असं गृहीत धरता येत नाही. तसं असेल तर ते करारातून किंवा परिस्थितीतून दिसायला हवं, आणि नसलं तरी काम वाजवी वेळेत व्हायलाच हवं. त्यामुळे एक्क्याण्णवाव्या दिवशी इसार (आगाऊ घेतलेली रक्कम) जप्त केल्याचा मेसेज टाकणं अंगाशी येऊ शकतं. आधी वाजवी मुदत देणारी लेखी नोटीस पाठवा.

विकणाऱ्याचं कर्ज फिटायचं असतं तेव्हा

बरेच व्यवहार इथेच रुततात. घरावर जुनं कर्ज आहे, म्हणजे मूळ कागद विकणाऱ्याच्या बँकेत. खरेदीदाराच्या पैशातून ते कर्ज फिटणार, मग कागद सुटणार, मग पुढचं सगळं. अशा व्यवहारात फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल हे सांगणारं बँकेचं पत्र) आणि बँकेकडे जमा असलेल्या कागदांची यादी साठेखताआधीच मागून घ्या. यादीत एखादा जुना करार नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार पूर्ण कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे आणि घरावरचा बोजा (कर्जाची नोंद) उतरवायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. पण लोक एक गोष्ट विसरतात: ही भरपाई कर्जदाराला, म्हणजे विकणाऱ्याला मिळते. जो खरेदीदार तिकडे घरभाडं आणि इकडे नव्या कर्जाचं व्याज भरतोय, त्याच्या हाती यातलं काही येत नाही. त्याला ते हवं असेल तर साठेखतात तसं कलम घालावं लागतं.

खरेदीदाराच्या बँकेचं उलट आहे. सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) आलं म्हणजे पैसे आले असं नव्हे. वकिलाची तपासणी आणि मूल्यांकन त्यानंतरही उरलेलं असू शकतं, आणि या पत्रालाही मुदत असते. "बँकेनेच उशीर लावला" हे कारण विकणाऱ्यावर बंधनकारक नाही, करारात तशी सवलत लिहिलेली असल्याशिवाय. अपवाद एकच, पण मोठा: मालकीहक्कातल्या दोषामुळे बँकेने कर्ज अडवलं, आणि तो दोष विकणाऱ्याला ठाऊक असून खरेदीदाराला साध्या चौकशीत कळण्यासारखा नव्हता, तर तो सांगण्याची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्याची आहे. घरात वाटा असलेल्या, पण बाहेरगावी राहणाऱ्या बहिणीची सही राहिलेली असते, तसली प्रकरणं.

एजंटबद्दल फार लिहायला नको. तो साठेखतात पक्षकार नसतो. त्याच्या "होऊन जाईल हो" ला तेवढीच किंमत द्या.

व्हॉट्सॲपवरचं "चालेल"

समोरचा लिहितो, "अजून पंधरा दिवस लागतील, सॉरी." आपण अंगठा पाठवतो. मुदत काटेकोर ठरलेली असताना समोरच्याने उशिरा केलेली पूर्तता काही न बोलता स्वीकारली, तर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही, असं करार कायद्याचं कलम ५५ सांगतं. मागायची असेल तर स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. एक ओळ पुरते: "पंधरा तारखेपर्यंत थांबायला हरकत नाही, पण उशिरामुळे होणारं भाडं आणि व्याज मागण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत." कुणाला वाईट वाटेल म्हणून ही ओळ गाळू नका, आणि शक्यतो ई-मेलने पाठवा.

दंडाचा आकडा फुगवूनही फारसा उपयोग नाही. दिवसाला १०,००० लिहिले तरी करार कायद्याच्याच कलम ७४ प्रमाणे ती वरची मर्यादा ठरते, कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच रक्कम देतं. खरं भाडं, खरं व्याज अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर आकडा बेतलेला असला की तो टिकण्याची शक्यता जास्त.

"आम्ही तयार होतो" हे दाखवता येईल का?

खरेदीखत करून द्या असा दावा लावायचा तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १६ प्रमाणे खरेदीदाराला आपण सुरुवातीपासून तयार आणि राजी होतो हे सिद्ध करावं लागतं. तोंडी तयारीला अर्थ नाही. मुदतीत असलेलं सँक्शन लेटर, स्वतःच्या हिश्श्याची रक्कम दाखवणारं बँक स्टेटमेंट, खरेदीखताचा मसुदा पाठवल्याचा मेल आणि "अमुक दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात या" असं लेखी पत्र, हे सगळं तारखेसह जपा. विकणाऱ्यानेही एनओसीसाठी अर्ज दिल्याची सोसायटीची पोच ठेवावी. कमिटीने चालढकल केली तर त्याच्या हातात तेवढंच असतं.

दावा लावायला मुदत तीन वर्षं. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. दोघांनी मिळून तारीख पुढे ढकलली असेल तर ती सह्यांच्या पुरवणी करारात आणा, नाहीतर तीन वर्षं कोणत्या तारखेपासून मोजायची यावरच पहिलं भांडण होतं.