काल्पनिक गस्तीनौकांचा वर्ग रचताय? या चुका टाळा

कथेसाठी, खेळासाठी किंवा नुसत्या हौसेपोटी स्वतःचं नौदल उभं करणाऱ्यांच्या वह्या मी बऱ्याच पाहिल्यात. विनाशिका आणि पाणबुड्या छान जमतात, घोळ होतो तो खोल समुद्रात गस्त घालणाऱ्या नौकांपाशी, म्हणजे ओपीव्हीपाशी. ही छोटी विनाशिका नव्हे. दिवसचे दिवस समुद्रात टिकून राहणं हेच तिचं मुख्य काम, आणि बाकी सगळं त्यावरून ठरतं.

पहिली चूक म्हणजे क्षेपणास्त्रं ठासून भरणं. वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांचा गट. गोवा शिपयार्डने भारतीय नौदलासाठी बांधलेल्या सरयू वर्गाकडे पाहा. लांबी 105 मीटर, पण मुख्य शस्त्र 76 मिलिमीटरची एक तोफ. जानेवारी 2024 मध्ये याच वर्गातल्या आयएनएस सुमित्राने सोमाली चाच्यांच्या तावडीतून दोन इराणी मासेमारी नौका लागोपाठ सोडवल्या. तिथे कामाला आलं ते तिचं हेलिकॉप्टर आणि तिच्या बोटी. तुमच्या नौकेवर आठ क्षेपणास्त्रं असतील तर त्यांना दिशा दाखवणारी रडारं, जास्तीचे खलाशी आणि वाढीव खर्च हेही आलंच. मग तिला कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका म्हणा आणि मोकळे व्हा.

वेगाची चूक दिसत नाही, पण तीच सगळ्यात जास्त नडते. "वेग 35 नॉट (म्हणजे तासाला 35 सागरी मैल), पल्ला 8,000 सागरी मैल" असं लिहिताना हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत हे ध्यानात घ्या. अशा जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर इंजिनाची ताकद साधारण आठपट लागते. अंतर निम्म्या वेळात कापलं जातं हे धरलं, तरी मैलामागे इंधन चौपट जळतं. म्हणून पल्ला नेहमी वेगासकट लिहा. सरयू वर्गाचा 6,000 सागरी मैलांचा पल्ला 16 नॉट वेगाला आहे. भागाकार केला तर 375 तास, म्हणजे पंधरा दिवसांपेक्षा थोडं जास्त. अनन्य आर्थिक क्षेत्राची, म्हणजे जिथल्या मासळीवर आणि खनिजांवर देशाचा हक्क असतो त्या समुद्राची हद्द किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांवर. तिथे पोचायलाच या वेगाने साडेबारा तास लागतात. आता तुमची नौका हद्दीवर किती दिवस थांबू शकेल ते वहीत मांडा.

नौकांची संख्याही तपासा. एक नौका गस्तीवर, एक जाण्यायेण्यात किंवा सरावात, एक दुरुस्तीला. एक जागा कायम राखायची तर तीन हव्यात. दोन नौकांवर अख्खा किनारा सोपवलेला असेल तर कथानक तिथेच गळतं.

बोटींचा प्रसंग लिहिताना घाई करू नका. उधाणात बोट खाली सोडताना जहाज डोलतं, बोट कुशीवर आपटते, दोर एकदम ताणला जातो आणि पुढच्याच क्षणी ढिला पडतो. कप्तान आधी जहाज वळवून त्या बाजूला वाऱ्याचा आडोसा करतो, मगच बोट पाण्यात जाते. एवढं एक वाक्य असलं तरी वाचक तुमच्यावर विश्वास ठेवतो.

रंगाचंही तसंच. नौदलाची जहाजं करडी. पांढऱ्या अंगावर तिरपा पट्टा दिसला तर ते तटरक्षक दलाचं जहाज, आणि त्याच्या नावाआधी आयएनएस नव्हे, आयसीजीएस येतं.

शेवटी नावं. मराठी लेखक हमखास "आयएनएस शिवाजी" किंवा "आयएनएस आंग्रे" समुद्रात सोडतात. ही दोन्ही नावं नौदलाच्या जमिनीवरच्या तळांची आहेत, शिवाजी लोणावळ्याला आणि आंग्रे मुंबईत. निवृत्त जहाजाचं नाव मात्र पुन्हा देता येतं. सुकन्या वर्गातली जुनी सरयू 2000 मध्ये श्रीलंकेला गेली आणि तिचं नाव पुढे नव्या वर्गाच्या पहिल्या नौकेला मिळालं. वर्गही याच पहिल्या नौकेच्या नावाने ओळखला जातो. कोकणातल्या नद्यांवरून नावं घेणार असाल तर सावित्री सुकन्या वर्गाने आधीच घेतलंय. मी माझ्या वर्गाच्या पहिल्या नौकेचं नाव वाशिष्ठी ठेवलं आणि पुढच्या दोघींना कुंडलिका आणि शास्त्री ही नावं दिली.