तुटलेला पाटा: तडा कुठून सुरू झाला ते शोधताना

जुन्या गाडीचा पाटा (लीफ स्प्रिंगची पोलादी पट्टी) तुटला की दोन तुकडे जुळवून पाहण्याचा मोह आवरा. तुटलेल्या कडा घासल्या गेल्या तर पुरावाच पुसला जातो. तारेचा ब्रशही नको. आधी फोटो काढा, मग रॉकेल आणि मऊ ब्रशने धुवा.

टॉर्चचा उजेड तिरका पाडून १० पट भिंगातून पाहा. थकव्याने, म्हणजे वारंवार भार येऊन हळूहळू तुटलेला भाग गुळगुळीत असतो, बहुधा त्यावर कमानीसारख्या रेषा दिसतात. त्या जिथे आकसत जातात, तिथे तड्याचं मूळ. उरलेला खरबरीत, दाणेदार भाग शेवटच्या झटक्यात तुटलेला. तो मोठा असेल तर तुटताना भार जास्त होता.

मूळ बहुतेकदा ताण येणाऱ्या वरच्या बाजूला, गंजाच्या खड्ड्यात सापडतं. सेंटर बोल्टच्या (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी असेल तर यू-बोल्ट (पाटे आसाला आवळणारे) ढिले होते का, ते आधी तपासा.

दुसऱ्या बाजूचा पाटाही डाय पेनेट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगाने) तपासाच: लाल रंग लावून १० ते २० मिनिटं थांबा, कापडाने पुसा, मग डेव्हलपर (तड्यातला रंग वर ओढणारी पांढरी फवारणी) मारा. तडा लाल रेघेसारखा उमटतो. तडा गेलेला पाटा वेल्डिंग करून कधीही वापरू नका. वेल्डशेजारचं पोलाद ठिसूळ होतं.