एक सेल, एक बल्ब, एक वायर : वर्गात विद्युत परिपथ कसा शिकवावा

परिपथाचा धडा बहुतेक वेळा फळ्यावरच्या आकृतीने सुरू होतो. मुलं ती सुबक उतरवून घेतात. पण हातात सुटा बल्ब आणि सेल दिला की आकृतीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारेही अडतात. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी बल्ब पेटू द्या, आकृती मागाहून.

सामान

चार मुलांच्या गटाला दीड व्होल्टचे दोन सेल, विजेरीचे अडीच व्होल्टचे एकसारखे दोन बल्ब आणि वीतभर लांबीच्या पाच-सहा वायरी पुरतात. सेल साधे झिंक-कार्बनचे, शक्यतो जाडे घ्या. चार्जिंगचे सेल आणि मोबाइलच्या बॅटऱ्या नकोत. त्यांची टोकं चुकून थेट जोडली गेली तर त्या धोकादायक तापतात. एलईडी आल्यापासून हे छोटे बल्ब कमी दिसतात, पण शाळांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्या दुकानांत चौकशी करा.

वायरींची टोकं आदल्या दिवशीच सोलून ठेवा. मोटार वाइंडिंगची तांब्याची तार वापरणार असाल तर टोकं पॉलिश पेपरने घासायलाच हवीत. त्या तारेवर एनॅमलचा, वीज अडवणारा पातळ थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि अर्धी तासिका खातो. वायर सेलला चिकटपट्टीने लावली तर सारखी सुटते. त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापा आणि सेलवर उभ्या चढवा. टोकं घट्ट दाबून राहतात.

एक नियम पहिल्याच मिनिटाला सांगा : भिंतीवरच्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात, तिथे यातलं काहीही करायचं नाही.

पहिली तासिका : पेटवून दाखवा

प्रत्येक गटाला एक सेल, एक बल्ब आणि एकच वायर द्या. बल्बचं होल्डर देऊ नका, सगळी गंमत होल्डरच खाऊन टाकतं. वहीत दोन रकाने करायला सांगा, ‘पेटला’ आणि ‘नाही पेटला’, आणि केलेली प्रत्येक जोडणी त्यात काढायला लावा.

बहुतेक मुलं आधी सेलच्या एका टोकापासून बल्बच्या बुडाला वायर लावतात आणि उजेडाची वाट पाहतात. वीज एका वायरीने जाते, हा समज घरातूनच आलेला असतो. पंख्याची वायर एकच दिसते, तिच्या आत दोन आहेत हे कुठे दिसतं? या वेळी सांगून टाकण्याचा मोह आवरा. कुणीतरी बल्बचं बूड सेलवर टेकवून वायर सेलच्या दुसऱ्या टोकापासून बल्बच्या धातूच्या अंगाला लावतंच. एका गटाचा पेटला की बाकीचे डोकावतील, डोकावू द्या. मग विचारा : अशा किती रीती सापडतात? सेलची टोकं उलटवून आणि बल्ब आडवा करून चार सापडतात.

वायर गरम लागली तर सेलची दोन्ही टोकं थेट जोडली गेली आहेत. लगेच सोडायला सांगा आणि शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते तिथेच बोला.

दुसरी तासिका : दोन बल्ब

आता दोन्ही सेल एकापुढे एक लावा आणि बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक, घ्या. जोडण्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा : कोणता बल्ब जास्त उजळेल? अंदाज लिहून घेतला नाही तर हा प्रयोग नुसता खेळ होतो. ‘पहिला बल्ब वीज खाणार, दुसऱ्याला कमी मिळणार’ असं बरीच मुलं लिहितात. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच मंद पेटतात. कधी एक जरा फिका दिसतो आणि मुलं ‘बघा!’ म्हणून ओरडतात. तेव्हा बल्बांची अदलाबदल करा. फिकेपणा बल्बाबरोबर सरकला, तर दोष बल्बचा, जागेचा नव्हे.

एक बल्ब काढला की दुसरा विझतो. समांतर जोडणीत, म्हणजे प्रत्येक बल्ब वेगळ्या वाटेने सेलला जोडला तर, तसं होत नाही, आणि दोन्ही अधिक उजळ पेटतात. स्वयंपाकघरातला दिवा बंद केल्यावर हॉलमधला पंखा का थांबत नाही, याचं उत्तर आता मुलंच देतील. सेल जुने असतील तर समांतर जोडणीतही उजेड उतरतो, म्हणून या तासिकेला नवे सेल राखून ठेवा.

फळ्यावर चिन्हांची आकृती आत्ता काढा.

तिसरी तासिका : बंद पुठ्ठा

परिपथात एक फट ठेवली की तपासणी यंत्र तयार. नाणं, किल्ली, खोडरबर, पेन्सिलीचं शिसं, चॉकलेटचा चकचकीत कागद असं काहीही फटीत धरून पाहू द्या. चकचकीत कागद कधीकधी फसवतो, कारण त्यावर प्लास्टिकचा थर असतो.

लिंबाची बॅटरी इथे आणू नका. एका लिंबातून जेमतेम एक व्होल्ट आणि अगदी थोडी धारा मिळते, विजेरीचा बल्ब त्यावर पेटत नाही आणि मुलं हिरमुसतात.

त्याऐवजी पुठ्ठ्याला सहा भोकं पाडा, त्यांना नावं द्या आणि मागून काही भोकं ॲल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्यांनी जोडून वर कागद चिकटवा. पुढून तपासणी यंत्राने कोणती भोकं जोडलेली आहेत ते शोधायचं आणि मागची आकृती काढायची. क, ख, ग जोडलेले असतील तर एक गट क-ख आणि ख-ग पट्ट्या काढेल, दुसरा क-ख आणि क-ग. बल्ब दोन्हींना सारखाच दुजोरा देतो. वाद होऊ द्या, पुठ्ठा लगेच उघडू नका.