कथा सुचेना, तेव्हा डब्यात कान उघडे ठेवले

दिवाळी अंकाला कथा पाठवायची म्हणून मी दोन वर्षं १९८२च्या गिरणी संपावर लिहीत होते. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून वह्या भरल्या. पण माझा गिरणी कामगार तोंड उघडलं की भाषणच ठोकायचा. सासरे वाचून म्हणाले, "हा माणूस घरी जेवतो तरी का गं?" कथा दोनदा साभार परत आली.

गाडं हललं ते मुलुंडहून मशीद स्टेशनला जाताना, स्लो लोकलमध्ये. समोरच्या बाई मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत होत्या. फोन वाजला. "हो, घरीच आहे. भाजी निवडतेय." तेवढ्यात डब्यात घोषणा, "पुढील स्टेशन, घाटकोपर." बाईंनी झटकन फोनवर तळहात दाबला. मेथीची माती स्क्रीनवर तशीच.

भाजी खरी, घर खोटं. कुणासाठी? त्या रात्री पाच पानं झाली.

आता रोज एकच ओळ टिपते: कुणाला काय हवंय आणि तो काय लपवतोय. बहुतेक ओळी फुकट जातात, जाऊ देत. रविवारी न जुळणाऱ्या दोन नोंदी शेजारी ठेवते. मेथीवाल्या बाईंशेजारी ठेवली होती पागडीच्या खोलीची भाडेपावती, मेलेल्या दिराच्या नावावरची. बाईंचं वय, गाव, स्टेशन सगळं बदललं. मेथी तेवढी राहू दिली.

सासऱ्यांनी या वेळी विचारलं, "मग खोली कुणाला मिळाली?"